प्रमिलाताईचं दुसरं ‘हं’

प्रमिलाताई गेली तेव्हा मी तिच्याशी फोनवर होते. हे वाक्य गेल्या काही आठवड्यांत मी इतक्या जणांना सांगितलंय की आता ते तोंडपाठ झालंय, आणि दर वेळी समोरचा माणूस तेच विचारतो, मग शेवटचं काय बोलल्या? मी इथे भिलाईत, ती बेंगळुरूला, लेकाच्या घरी. संध्याकाळचा चहा झाला की आमचा फोन लागायचा. त्या दिवशीही लागला. तिने नेहमीसारखं “हं” म्हटलं. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि मेथी निवडायला बसले. तिकडून पंख्याची घरघर येत होती, मधेच खालच्या रस्त्यावरचा एखादा हॉर्न. मेथी निवडून झाली, मी उठून दिवा लावला, परत बसले… आणि मग तिकडे दार उघडलं. तिची सून नेहा हसत हसत म्हणाली, “मम्मी, फोन हाथ में लेके सो गए क्या?” त्यानंतर ती पुन्हा एकदा “मम्मी” म्हणाली, पण त्या आवाजात हसू नव्हतं. मला तेव्हा कळलं.

माणूस फोनवर आहे, बोलत नाही, आणि ऐकणारीला त्यात काही वावगं वाटत नाही, हे लोकांना पटत नाही. पटणार कसं? ते आमच्या लॅबमध्ये कधी बसले नाहीत. छत्तीसगड वेगळं राज्य झालं त्याच सुमारास मी बीएस्सी होऊन भिलाईलगतच्या हथखोजच्या एका कारखान्यात लागले. कोक भट्टीत कोळसा तापवला की धुरासोबत जे काळं, दाट निथळतं ते डांबर. आमच्याकडे ते टँकरने यायचं आणि तापवून त्याची निरनिराळी तेलं काढली जायची. कुठलं तेल किती पातळ, किती घट्ट, म्हणजे ते पंपातून जाईल की अडेल, हे मोजायचं काम लॅबचं. लॅबमध्ये तेव्हा एकच बाई होती, प्रमिला मेश्राम. बारीक चणीची, सुती साडीवर पांढरा कोट, पायात कॅनव्हासचे बूट आणि दाताखाली कायम एक लवंग. डांबराच्या वासावर तिचा तो उतारा होता. पहिल्याच दिवशी तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “मराठी येते का तुले?” मी शेजारच्या दुर्गची, घरात मराठीच, म्हटलं येते. “मंग बरं झालं. इथं माह्याशी मराठीत भांडाले कोनी नाही.” पुढची कित्येक वर्षं मी ते काम इमानेइतबारे केलं. ‘मॅडम, तुम्ही’ची ‘ताई, तू’ कधी झाली ते आठवत नाही, बहुतेक एखाद्या भांडणातच झाली असावी.

आमचं मोजायचं साधन म्हणजे काचेची वाकडी नळी. साधं तेल असेल तर ते नळीत खाली सोडतात आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत उतरायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघतात. पण आमचं तेल काळंकुट्ट. ते उतरताना काच अशी माखून टाकतं की खूणच दिसत नाही. म्हणून आमची नळी उलट्या चालीची होती, तिच्यात एका बाजूने ओतलेलं तेल दुसऱ्या बाजूच्या कोऱ्या काचेत हळूहळू वर चढत यायचं. एकदा चढलं की ती काच बाद. धुवा, वाळवा, पुन्हा तापत्या तेलाच्या हौदीत, म्हणजे बाथमध्ये, उभी करा, तेव्हा कुठे दुसरं रीडिंग. म्हणजे खूण चुकली की अर्धा दिवस गेला म्हणून समजा. ताईचा नियम असा होता की नळीवर डोळा एकीचा आणि घड्याळावर अंगठा दुसरीचा. एकटीने घेतलेलं रीडिंग ती धरायचीच नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, एका माणसाचं काम दोघींनी का करायचं? तर म्हणाली, “किती येनार हे आपल्याले आधीच मालूम असते ना वं. डोळ्यानं पाहाच्या आधी अंगठा दाबून मोकळा होते. दुसऱ्याच्या अंगठ्याले काही मालूम नसते, तो इमानदार रायते.”

तर ती नळीशी डोळा लावून बसायची आणि मी घड्याळ घेऊन शेजारी. काळ्या द्रवाचं टोक पहिल्या खुणेला लागलं की ती “हं” म्हणायची, मी घड्याळ सुरू करायची. दुसऱ्या खुणेला लागलं की पुन्हा “हं”, मी बंद करायची. मधल्या वेळात बोलायचं नाही. खोकलासुद्धा आतल्या आत. घट्ट माल असला तर हा मधला वेळ चांगलाच लांबायचा. आधी आधी मला ते फार जड गेलं, मी बडबडी. मग त्या गप्प बसण्याची अशी सवय लागली की घरी कोणी सारखं बोललं तर मलाच थकल्यासारखं व्हायचं. बाहेर टँकरवाल्यांचा आरडाओरडा, आत हौदीचं ढवळणं, ताईच्या दातात लवंग कुरकुरायची आणि माझा अंगठा बटणावर. एवढं निवांत मी आयुष्यात दुसरीकडे कुठेच बसलेली नाही.

एकदा हिवाळ्यात गिऱ्हाइकाच्या मागणीवरून दोन तेलं एकत्र करून पाठवायची होती. दोन्ही पातळ, दोन्ही पंपातून सरळ जाणारी. एकात कार्बोलिकच्या जातीचा माल, नाकाला झोंबणारा. दुसऱ्यात नायट्रोजनवाली संयुगं, तो वास वर्णन न केलेलाच बरा. कारखान्यातल्या साहेबांचा हिशेब असा की दोन पातळ तेलं एकत्र केली तर मधलं काहीतरी येईल. आम्ही नमुना मिसळला, नळी लावली. ताईने पहिलं “हं” म्हटलं आणि दुसरं काही येईना. मी डोळ्यांनी विचारलं, तिने हात वर करून थांबवलं. अखेर “हं” आलं ते दोन्ही तेलांपेक्षा कितीतरी उशिरा. दोन्हींपेक्षा घट्ट! नळी धुतली, पुन्हा लावली, तसंच. दुसरी नळी घेतली, तसंच. साहेब आले, म्हणाले, “मैडम, ऐसा कैसे हो सकता है? बाथ में गड़बड़ होगी. बीच का लिख दीजिए, गाड़ी खड़ी है.” ताईने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि म्हणाली, “सर, जो दिखा वो लिखा. बीच का हमको दिखा नहीं.” साहेब संतापले. गाडी थांबली म्हणून वरून बोलणी खावी लागणार ती त्यांना. पण ताई काही हलली नाही. शेवटी त्यांनी कोठारातल्या एका पिंपात थोडं मिसळून पाहिलं, थंडीत पंप खरोखरच गुरगुरला आणि थांबला. साहेबांनी मान डोलावली, एवढंच. ताईलाही त्यापुढे काही नको होतं, तिने नळी धुवायला घेतली.

असं का होतं ते तिने मला समजावलं ते लॅबमध्ये नाही, भिलाईतल्या पावर हाउस भागाच्या बाजारात. आम्ही दोघी तिथे भाजी घ्यायला उतरायचो. तिच्या गुडघ्याने तेव्हा कुरकुर सुरू केली होती, म्हणून गर्दीत तिने माझा हात धरला. मागून एक सायकलवाला ओरडला, “ए दीदी, साइड!” मग ठेलेवाला, मग ऑटोवाला. दोघी आपापल्या चाललो असतो तर केव्हाच्या पार झालो असतो, हात धरल्यामुळे सगळा रस्ता अडला. ताई तिथेच उभी राहून हसायला लागली. म्हणाली, “पाह्य, पाह्य! हेच तर होऊन राहिलं ना त्या मालात. त्या कार्बोलिकवाल्याच्या अंगावर एक हायड्रोजन लोंबत रायते, अन् नायट्रोजनवाला त्याले धरून घेते. पक्कं लगन नाही ते, नुसता हात धरनं. पन मंग दोघं मिळून भारी होते, कोनाले पुढं जाऊ देत नाही.” मी म्हटलं, मग तापवल्यावर परत पातळ का होतं? “घाम सुटला का हात सोडतेच ना मानूस,” ती म्हणाली, आणि माझा हात मात्र तिने सोडला नाही. वांगी घेईपर्यंत आम्ही तशाच, लोकांच्या शिव्या खात. तो रेणूंमधला धडा मी पुस्तकातही नंतर वाचला, पण मला तो वांग्यांसकटच आठवतो.

तिचा नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. राहुलला तिने एकटीने वाढवलं. मी लग्न केलं नाही, आधी वडिलांचं आजारपण, मग सवय. रविवारी ती विहारातून वंदना आटोपून पांढऱ्या साडीत तशीच माझ्याकडे यायची, मी भात टाकलेला असायचा. जेवलो की ती दिवाणावर, मी खुर्चीत. कोणी फारसं बोलत नसे. माझी वहिनी एकदा दुर्गहून आली, हे पाहून घाबरली, मला आत नेऊन विचारते, “भांडन झालं का वं तुमचं?” आमचं रीडिंग चालू आहे, असं मी तिला सांगितलं. ती अजून ते थट्टा समजते.

रिटायर झाल्यावर चार-पाच वर्षं ताई इथेच राहिली. मग गुडघे अगदीच गेले, राहुलने हट्ट धरला, आणि पोरगा चांगला, सून चांगली, नाही म्हणायला कारण तरी काय होतं? जायच्या आदल्या दिवशी ती जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. ती नळी होती. तोंडाशी कपचा उडाल्यामुळे लॅबने टाकून दिलेली, आणि सोबत चावीचं जुनं स्टॉपवॉच. म्हणाली, “हे तिकडं नेऊन काय करू? अंगठा तर इथंच रायला.” मी तिच्यावर चिडले. दोघींनाही रडायचं नव्हतं, म्हणून मी पॅकिंगवरून भांडण काढलं, तिनेही ते मनापासून केलं. ती गेली आणि भिलाईत माझ्याशी मराठीत भांडायला कोणी उरलं नाही. शेजारी चांगले आहेत, आवाज दिला तर धावून येतात. पण दिवसभर हिंदी बोलून संध्याकाळी तोंड परक्यासारखं वाटतं.

तिकडून ती म्हणायची, “सारे चांगले आहेत इथं. पन मले मराठीत कोनी रागवत नाही.” सुरुवातीला आम्ही फोनवर बोलायचो, गुडघा, भाजी, नातीची शाळा. मग हळूहळू बोलणं आटलं आणि नुसता फोन चालू ठेवायची रीत पडली. तिने “हं” म्हटलं की सुरू. मी भाजी निवडायची, ती तिकडे काय करायची कोण जाणे, खिडकीशी बसायची असं नेहा सांगते. पुरे झालं की ती पुन्हा “हं” म्हणायची आणि मी बंद करायची. फोन बंद करणं माझ्याकडे, कारण घड्याळ माझ्याकडे होतं. एकदा नेहाने पाहिलं, मम्मी गप्प, फोन चालू, तिला वाटलं नेटवर्क गेलं, तिने बिचारीने कापून टाकला. दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणते, “काल पुरं रीडिंग बरबाद केलं पोरीनं.” केवढ्या हसलो होतो आम्ही…

त्या संध्याकाळनंतर चौथ्या का पाचव्या दिवशी राहुलचा फोन आला. त्याने आईच्या फोनमध्ये पाहिलं होतं, आमचा कॉल किती लांबला होता ते. “आंटी, इतनी देर बात हुई. मम्मी ने कुछ तो बोला होगा?” मी म्हटलं, नाही रे. तो हलकेच म्हणाला, “मेरे बारे में? कुछ भी?” तो त्या दिवशी सकाळी घाईत निघाला होता, आईला न सांगता. काही भांडण नव्हतं, नुसती मीटिंग होती. पण आता तेवढंच त्याला टोचत होतं. दोन दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

वहिनी म्हणाली, “सांगून टाक ना त्याले, त्याच्या नावानं हाक मारली म्हनून. तुह्यं काय जाते? पोराले झोप तरी लागन.” खरं सांगते, मी ते वाक्य मनात तयारही केलं होतं. ‘राहुल आला का, असं विचारत होती.’ किती सोपं, किती मधलं, कोणालाही खरं वाटेल असं. पण फोन हातात घेतला की ते जिभेवरून उतरेना. जिने गाडी थांबवली पण मधलं रीडिंग लिहिलं नाही, तिच्याच नावावर मी हे कसं खपवू?

गेल्या पंधरवड्यात राहुल भिलाईला आला. विहारात तिच्यासाठी वंदना झाली, जुनी माणसं आली, खीर वाटली. नंतर तो माझ्यासोबत घरी आला. उंच पोरगा, पण दिवाणावर आईच्याच जागी, तसाच एका कडेला बसला. चहा घेतला आणि तोच प्रश्न. या वेळी आवाज चढला होता. “आंटी, आप लाइन पर थीं. आपको पता कैसे नहीं चला?” मग लगेच, “सॉरी.” मी म्हटलं, सॉरी नको. तिने एकच शब्द म्हटला, तो सांगते. “हं.” त्याने विचारलं, “हं? मतलब?” मतलब, चालू. “और?” और कुछ नहीं. मनात तयार केलेलं ते वाक्य अजूनही जिभेवर होतं. मी उठले आणि टॉवेल आणला.

गूळ विरघळवून दाट पाक केला, काळपट, आमच्या मालासारखाच. तो नळीत एका बाजूने ओतला, नळी गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली, राहुलला जमिनीवर बसवलं, डोळा खुणेच्या रेषेत. सांगितलं, इथे लागलं की हं, तिथे लागलं की हं, मधे बोलायचं नाही. मी चावी दिली आणि घड्याळ घेऊन शेजारी बसले. पाक वर चढू लागला. “हं,” तो म्हणाला. अगदी तिच्याच आवाजात म्हणाला असं लिहिलं तर ते खोटं होईल, त्याचा आवाज भरदार आहे. मी बटण दाबलं. मग आम्ही गप्प. फ्रिज सुरू झाला, बंद झाला. पाक रेषा रेषा वर सरकत होता. आधी तो चुळबुळला, मग स्थिर झाला. खुणेवरून नजर काढता येत नव्हती, म्हणून डोळ्यांतून पाणी आलं तरी त्याने पुसलं नाही. मी पाहिलं, पाक दुसऱ्या खुणेला टेकला. तो काही बोलला नाही. पाक खूण ओलांडून वर गेला, तरी तो गप्पच. माझा अंगठा बटणावर तसाच. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “आंटी, निकल गया… बोला नहीं गया.” आणि मग, “मम्मी से भी नहीं बोला गया होगा. ना?”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हो म्हटलं नाही, कारण मला ते दिसलेलं नाही. पण फोनवरच का होईना, दोघी हात धरून बसलो होतो, तेवढं मला पक्कं माहीत आहे, तेवढं त्याला सांगितलं. तो खूप रडला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

परवा त्याचा बेंगळुरूहून फोन आला. “हं,” म्हणाला आणि थांबला. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. पण त्याला ती सवय नाही, थोड्याच वेळात अवघडून तिकडच्या पावसाचं, ट्रॅफिकचं बोलायला लागला. मीही हिंदीत बोलले. चांगला पोरगा आहे.

नळी मी धुऊन, टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलीय. घड्याळ मात्र मी राहुलसमोर त्या दिवशी बंद केलं नव्हतं, ते फळीवर टिकटिक करत राहिलं आणि चावी उतरल्यावर आपसूक थांबलं. संध्याकाळी चहा झाला की अजून मी फोन ओट्यावर ठेवते आणि भाजी घेऊन बसते. पंख्याचा आवाज येतो, पण तो माझ्याच घरातला. तिने पहिलं “हं” म्हटलेलं आहे, ते मी ऐकलंय. दुसरं अजून यायचंय, आणि ते येईपर्यंत बोलायचं नाही हा तिचाच नियम. लिहू नये असं मात्र ती कधी म्हणाली नव्हती.